सिमेंटच्या अंगणातली बैठक : काम कुठवर आलं

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात आमचं घर. घरामागं १२ बाय १८ फुटांचं सिमेंटचं अंगण आहे. बाबांनी ते खळं म्हणून घातलेलं, ४ इंच जाड, घोटून गुळगुळीत केलेलं, न्हाणीकडं उतार दिलेला. तूर, चना, सोयाबीन, मिरच्या, सगळं इथंच वाळतं. मला तिथं संध्याकाळी बसायला जागा हवी होती. चार झाडं, थोडा उजेड, एक बाज, बस. बाबांनी एकच अट घातली : माल वावरातून आला की तासाभरात अंगण रिकामं मिळालं पाहिजे. त्यामुळं सिमेंट फोडून वाफे, पक्का ओटा, कारंजं वगैरे सगळं सुरुवातीलाच बाद झालं. जे काही करायचं ते उचलून नेता येईल असं. ज्यांच्या घरी असंच खळं आहे त्यांच्यासाठी ही नोंद लिहितोय.

मार्च : आधी ताप, मग झाडं

आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ ला टेकतो. अशा दिवसांत आमच्या अंगणात रात्री नऊपर्यंत अनवाणी पाय ठेववत नसे. कारण सोपं आहे. एवढं अंगण म्हणजे साधारण २ घनमीटर काँक्रीट, वजन ५ टनांच्या आसपास. दिवसभराचं ऊन ते पोटात साठवतं आणि सूर्य बुडाला की बाहेर टाकत बसतं. त्यावर कितीही सुंदर कुंड्या मांडा, बसायला कोणी येणार नाही. म्हणून पहिला खर्च सावलीवर केला.

शेतीच्या दुकानात मिळते ती ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट आणली. एका बाजूला घराच्या भिंतीत हूक, दुसऱ्या बाजूला आवारभिंतीला बाहेरून बोल्टानं कसलेले लोखंडी अँगल, आणि मधे तीन जाड जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) तारा. खांब एकही अंगणात उतरवला नाही, नाहीतर तूर लोटताना प्रत्येक वेळी शिव्या खाव्या लागल्या असत्या. जाळी पडद्याच्या कड्यांनी तारांवर लटकवली, म्हणजे सरकते. उंची ९ फूट ठेवली. जाळी खाली बांधली की तिच्याखाली गरम हवा कोंडते आणि बसणाऱ्याच्या डोक्याशी भट्टी पेटते.

जाळी सरकती ठेवण्याचं खरं कारण आई. मी आधी पक्की जाळी बांधायची म्हणत होतो. आई दारात उभी राहून म्हणाली, "मंग वड्या-कुरड्या काय तुह्या डोक्शावर वाळू घालू?" मुद्दा बिनतोड होता. मार्च-एप्रिलमध्ये या अंगणावर पहिला हक्क सरगुंडे, पापड आणि कुरड्यांचा. मग तह झाला. सकाळी जाळी एका कडेला गोळा, वाळवण उचललं की दुपारी ओढायची ती पाच-साडेपाचपर्यंत. वाळवणाचे दिवस संपल्यावर मात्र सकाळी दहालाच ओढू लागलो आणि फरक लगेच पायाला कळला. सरकती जाळी वळवाच्या वादळातही बरी, ढग दिसले की गुंडाळून बांधून टाकता येते. ताणून बांधलेली जाळी शिडासारखी वारा भरून घेते आणि भिंतीतले हूक उपसते.

आवारभिंतीच्या बाहेरच्या, पश्चिमेच्या अंगाला चुन्याचे दोन हात दिले. रात्रभर भिजवलेला चुना, त्यात मूठभर मीठ आणि थोडा डिंक. जमिनीला चुना देऊ नका. डोळे दिपतात, आठवड्यात पायानं निघतो आणि धान्याला लागतो तो वेगळाच.

एप्रिल-मे : एक बादली, दोनदा

सड्याचा हिशेब इथं मांडून ठेवतो, कारण पाणी ओतण्यावरून घरोघरी वाद होतात. १ लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण २४०० किलोज्यूल उष्णता लागते. आमचं ५ टनांचं काँक्रीट १० अंशांनी थंड करायचं तर ४३,००० किलोज्यूलच्या आसपास काढून घ्यावी लागते. भागाकार केला की १८ लिटर येतात, म्हणजे एक मोठी बादली. पण ती सगळी जागेवर वाफ झाली तर! न्हाणीकडं वाहून गेलेलं पाणी जवळजवळ फुकट. म्हणून पाईप लावून अंगण धुण्याऐवजी ऊन उतरल्यावर झारीनं पातळ सडा टाकतो, तो सुकला की पुन्हा एकदा. पहिल्या सड्याला सिमेंटमधून चर्र असा बारीक आवाज येतो आणि तापलेल्या धुळीचा वास उठतो. दुसऱ्याला आवाज आला नाही म्हणजे काम झालं. भांडी विसळलेलं पाणी यासाठी चालतं.

फवारणीच्या पंपानं सडा टाकायचा मोह कोणाला झाला तर टाळा. कितीही धुतला तरी तो औषधाचा पंप, आणि या सिमेंटवर आपण खायचं वाळवतो.

हे सगळं मे महिन्यापुरतं. तेव्हा आपली हवा कोरडी ठक्क असते, म्हणून कूलरही चालतो आणि सडाही. मृग लागला, हवेत ओल आली की दोघांचाही जोर जातो. मग सडा टाकून नुसता दमटपणा वाढतो.

जाळी आणि सडा मिळून मे महिन्यात साडेसातला बाज टाकता येऊ लागली. बाजेखाली ओलं पोतं अंथरतो, कारण सुंभाच्या विणीतून खालची धग थेट पाठीला लागते. बसायला बाजेइतकं चांगलं काही सापडलं नाही. हलकी, उभी करून भिंतीला टेकवता येते, हवा खेळते. बैलगाडीच्या चाकाचं टेबल करा असं दोघातिघांनी सुचवलं. ते हायवेवरच्या ढाब्यांना राहू द्या.

जून-जुलै : कुंड्या आणि पाखरं

झाडं पावसाच्या तोंडावर लावली. आपल्या काळ्या मातीत नुसतं काही लावायचं नाही, कुंडीत ती सुकली की भेगाळून कडा सोडते आणि ओली झाली की मुळं कुजवते. एक भाग काळी माती, एक भाग रेती, एक भाग कुजलेलं शेणखत. वरून सोयाबीनच्या कुटाराचा, म्हणजे भुशाचा, बोटभर थर. कोकोपीट इकडं महाग पडतं आणि कुटार घरचं आहे.

कुंड्या म्हणजे १५ किलोचे तेलाचे पिपे आणि रंगाच्या २० लिटरच्या बादल्या. पिपा पत्र्याचा, उन्हात मुळं उकडतात, म्हणून बाहेरून बारदान गुंडाळलं. प्रत्येक कुंडी दोन विटांवर. त्यामुळं खालची धग लागत नाही आणि भोकातून पाणी निघून जातं. भिंत आणि कुंडी यांच्यात वीतभर अंतर सोडलंय. खेड्यात राहता तर हे विसरू नका, विंचवाला भिंतीलगतची सांदच आवडते. रात्री कुंडी सरकवताना बॅटरी हातात हवीच.

मधुमालती एका अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये लावली, तीच एक जड वस्तू, म्हणून ती कोपऱ्यात कायमची. तिची फुलं संध्याकाळी उमलतात तेव्हा पांढरी असतात, मग गुलाबी, मग लाल, आणि एकाच झुबक्यात तिन्ही रंग दिसतात. गुलबक्षी शेजारच्या काकूंकडून बिया आणून टाकली. दुपारी चारच्या सुमारास उमलायला लागते, त्यामुळं ज्याला संध्याकाळचीच बाग हवी त्याच्यासाठी याहून स्वस्त झाड नाही. मोगऱ्याचे तीन पिपे. रातराणी मात्र बाजेपासून लांब, न्हाणीच्या टोकाला. जवळ असली की तासाभरात डोकं धरतं, हे माझं मत. घरात यावर एकमत नाही.

कुंड्यांखाली ताटल्या ठेवल्या नाहीत. साचलेल्या पाण्यात डासाच्या अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात आणि डेंगूचा डास अशाच स्वच्छ पाण्यात वाढतो. पक्ष्यांसाठी ठेवलेलं पाण्याचं गंज (पातेलं) आठवड्यातून एकदा घासून, सुकवून मगच भरतो.

उजेडाची गंमत सांगायची राहिली. फवारणीच्या बॅटरी पंपात १२ व्होल्ट, ८ अँपिअर-अवरची बॅटरी असते. उन्हाळाभर ती पडूनच असते, आणि शिशाची बॅटरी रिकामी पडून राहिली की मरते. ती काढून ५ वॅटची पिवळी एलईडी पट्टी जोडली. कागदावर १९ तासांचा हिशेब येतो, पण बॅटरी पूर्ण पिळायची नाही म्हणून निम्माच धरा. रोज दोन-तीन तास लावली तरी तीन दिवसांनी चार्जिंग. लाईन गेली तरी अंगणात उजेड, त्यामुळं शेजारची पोरंही पुस्तकं घेऊन इकडंच येतात. खरिपात फवारणी सुरू झाली की बॅटरी पंपाकडं परत जाते. त्या दिवसांसाठी जुनी दुसरी बॅटरी बघतोय.

पट्टी पिवळीच घ्या. पांढऱ्या-निळसर उजेडावर पहिल्या पावसानंतर पाखरं, म्हणजे उडते किडे, एवढी येतात की ताटात पडतात. पट्टी बसायच्या उंचीच्या खाली, भिंतीच्या पायथ्याला लावली, आणि लांब फाटकावर एक पांढरा बल्ब मुद्दाम चालू ठेवला. पाखरांची गर्दी तिकडं, आपण इकडं.

पोळ्यानंतर

विशेष काही नाही. तण, बुरशी, आणि सोयाबीन येणार म्हणून सगळ्या कुंड्या ओसरीच्या कडेला. बाबांची अट पाळली गेली, तासही लागला नाही.

दिवाळीनंतर : शेकोटी

आता थंडी पडली. गार वारा अडवायला आडोसा हवा होता. पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडं) फुकट आणि भरपूर, पण ती वापरली नाही. गुलाबी बोंडअळी पऱ्हाटीतल्या बोंडांत दडून राहते, आणि ती घराशेजारी रचून ठेवू नका, वेळेत विल्हेवाट लावा असं नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे लोक वर्षानुवर्षं सांगतायत. त्यात आमचं वावर घराला लागून. म्हणून गेल्या वर्षीच्या तुराट्या, सुतळीनं आवळून ५ फूट उंचीचा ताटवा केला. उचलून कुठंही उभा करता येतो. जुन्या कुडाच्या घरांत हेच तर असायचं, वर माती लिंपलेली.

शेकोटी थेट सिमेंटवर पेटवू नका. आतली ओल वाफ होऊन जोर करते आणि वरचा थर टवके उडून निघतो, कधी फटकन आवाज करून. मी मोठ्या लोखंडी घमेल्यात ४ बोटं रेती भरली, ते तीन विटांवर ठेवलं. सकाळी राख गार झाली की थोडी-थोडी कुंड्यांना जाते. थोडीच, कारण राखेनं मातीचा खार वाढतो आणि आपली माती मुळातच त्या अंगाची.

घमेल्याचा दुसरा उपयोग आईनं शोधला. गोवऱ्या पेटवून निखारे झाले की त्यात रोडगे. जाडसर कणकेचे गोळे, आत तेल-पीठ लावून पदर केलेले, राखेत फिरवत-फिरवत भाजायचे. वरचं कवच तडकलं की बाहेर काढून फडक्यात झटकायचे, फोडून तूप सोडायचं. सोबत वांग्याची झणझणीत भाजी, वर सांबार, म्हणजे कोथिंबीर. जमलेल्या मंडळींनी बागेबद्दल एक शब्द काढला नाही, पण पुढच्या रविवारचं विचारून गेले.

पुढचं काम

मोगरा थंडीत छाटून पानं काढायची, पाणी तोडायचं आणि मग खत द्यायचं, म्हणजे मार्चपासून कळ्या धरतो. शेडनेटच्या एका कडेला उन्हानं धागे विरलेत, तिथं पट्टी शिवायची आहे. बुरडाकडून बांबूच्या दोन बुटक्या बैठका करून घेणार. बांबू पावसाळा सरल्यावर तोडलेला घ्यायचा, त्यात साखर-पिष्ट कमी असतं म्हणून भुंगा कमी लागतो. तरी नाल्याच्या पाण्यात तीन-चार आठवडे भिजत घालायचा की बोरॅक्स-बोरिक ॲसिडचं पाणी पाजायचं, हे ठरत नाहीये. नाल्याला सध्या धार आहे, पण भिजवलेल्या बांबूचा वास महिनाभर जात नाही असं बुरडच म्हणतो. ज्यांनी दोन्हीपैकी काही करून पाहिलंय त्यांनी बैठक किती वर्षं टिकली तेवढं कळवा. ऑर्डर संक्रांतीनंतर द्यायची आहे.