मोटर निवडावी ती धावतानाच्या टॉर्कवरून

लहान मिलिंग मशीन सीएनसी करायला, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालवायला घेतले की स्टेपर मोटरच्या (ठरावीक छोट्या टप्प्यांनी, म्हणजे स्टेपने फिरणाऱ्या मोटरच्या) माहितीपत्रकात सर्वांत ठळक छापलेला आकडा, म्हणजे होल्डिंग टॉर्क (टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर), पाहूनच निवड करण्याचा मोह होतो. परंतु तो टॉर्क मोटर जागच्या जागी उभी असतानाचा असतो आणि टेबल सरकवायचे असते ते मोटर फिरत असताना. म्हणून वेगानुसार टॉर्क कसा उतरत जातो हे दाखवणारा आलेख मी आधी पाहतो. ज्या मोटरचा असा आलेखच मिळत नाही, ती कितीही स्वस्त असली तरी माझ्या यादीतून बाद होते.

टॉर्क उतरतो तो मुख्यतः वाइंडिंगच्या (मोटरमधील तारेच्या वेटोळ्यांच्या) इंडक्टन्समुळे, म्हणजे करंट एकदम चढू न देण्याच्या गुणामुळे. १.८ अंशांच्या स्टेपर मोटरला एका फेऱ्यासाठी २०० स्टेप लागतात. मिनिटाला ६०० फेरे, म्हणजे ५ मिमी लीडच्या (एका फेऱ्यात ५ मिमी सरकवणाऱ्या) बॉलस्क्रूवर, अर्थात नटात पोलादी गोळ्या असलेल्या स्क्रूवर, मिनिटाला ३ मीटरचा वेग धरला, तर एका स्टेपच्या वाट्याला अर्धा मिलिसेकंद येतो. इंडक्टन्स ३ मिलिहेन्री असेल, तर ४ अँपिअर करंट चढायला २४ व्होल्टवर जवळजवळ तेवढाच वेळ जातो, ४८ व्होल्टवर त्याच्या निम्मा. आणि यात फिरत्या मोटरचा बॅक ईएमएफ, म्हणजे फिरताना तिच्यातच तयार होणारा उलट्या दिशेचा व्होल्टेज, धरलेलाच नाही. त्यामुळे जुना २४ व्होल्टचा पॉवर सप्लाय तसाच ठेवून नेमा २३ या प्रमाणित मापाच्या मोटरच्या जागी अधिक इंडक्टन्सची, मोठ्या मापाची नेमा ३४ बसवली, तर मशीन ताकदवान होण्याऐवजी मंदावण्याचीच शक्यता अधिक. मिलिहेन्रीच्या वर्गमुळाला ३२ ने गुणून येणारे व्होल्ट ही सप्लायची वरची मर्यादा मानण्याचा प्रघात आहे. ३ मिलिहेन्रीला ती ५५ च्या आसपास येते. ड्रायव्हरची, म्हणजे मोटरला करंट पुरवणाऱ्या सर्किटची, मर्यादा त्याहून कमी असेल, तर अर्थातच तीच पाळावी. आठ तारांची मोटर असेल, तर वाइंडिंग सिरीजऐवजी पॅरलल जोडल्यास इंडक्टन्स चौथाईवर येतो, मात्र ड्रायव्हरला दुप्पट करंट पुरवावा लागतो.

स्क्रूचा विचार मोटरइतकाच महत्त्वाचा आहे. १ न्यूटन-मीटर टॉर्कवर ५ मिमी लीडचा, ९० टक्के कार्यक्षमतेचा बॉलस्क्रू सुमारे ११०० न्यूटनचा रेटा देतो. तेवढ्याच लीडच्या, जेमतेम ३० टक्के कार्यक्षमतेच्या ट्रॅपेझॉइडल (गोळ्यांविना, साध्या आट्यांच्या) स्क्रूवर तो ४०० च्याही खाली येतो, आणि गिब (ढिलाई काढणारी पट्टी) आवळलेल्या डव्हटेलचे, म्हणजे टेबल ज्यावर सरकते त्या तिरकस खाचेचे, घर्षण त्यातूनच भागवायचे असते.

मायक्रोस्टेपिंगने, म्हणजे एका स्टेपचे आणखी लहान भाग पाडल्याने, चाल गुळगुळीत होते, अचूकता त्या पटीत वाढत नाही. क्लोज्ड लूप स्टेपरमध्ये, म्हणजे मोटर प्रत्यक्ष किती फिरली हे मोजणारा एन्कोडर असलेल्या स्टेपरमध्ये, स्टेप चुकल्याचे ड्रायव्हरला कळते, त्यामुळे महागडा जॉब बिघडण्यापूर्वी मशीन थांबवता येते. एवढ्यासाठी जादा खर्च मला रास्त वाटतो.

झेड अक्षाची, म्हणजे वर-खाली होणाऱ्या चालीची, गोष्ट वेगळी, कारण तेथे मोटरला हेडचे (स्पिंडल धरणाऱ्या भागाचे) वजनही पेलावे लागते. बॉलस्क्रू उलटा सहज फिरत असल्याने वीज गेल्यावर हेड आपल्या वजनाने खाली घसरू शकते. तेथे एक तर ब्रेक असलेली मोटर घ्यावी, नाहीतर हेडच्या वजनाला गॅस स्प्रिंगचा आधार देऊन वीज बंद असताना ते जागेवर राहते का, हे स्पिंडलला कटर लावण्यापूर्वीच तपासावे.