शालफर्डची पाणचक्की आणि मुखवट्यातल्या बायका

पाणचक्की म्हटलं की आपल्याला औरंगाबादची आठवते. इथे इंग्लंडमध्ये गिल्डफर्डजवळ शालफर्ड नावाचं गाव आहे. तिथे टिलिंगबोर्न ओढ्यावर अठराव्या शतकातली एक पाणचक्की उभी आहे. साताऱ्याहून आई आली तेव्हा तिला मी सगळ्यात आधी तिथेच नेलं.

इमारत मोठी देखणी! खाली विटांचं बांधकाम, वर लाकडी सांगाडा आणि त्याच्या भिंतींना बाहेरून कौलं जडवलेली. कौलं छपरावर असतात, भिंतीवर कशी, म्हणून आई बराच वेळ बघत राहिली. वरचा एक भाग लाकडी खांबांवर पुढे आलेला आहे. गाडी त्याखाली उभी राहायची आणि पोती दोरखंडाने थेट माथ्यावर ओढून घेतली जायची. तिथल्या कोठ्यांमधून धान्य आपसूक खाली दगडांकडे यायचं, आणि पीठ त्याच्याही खालच्या मजल्यावर. म्हणजे धान्य उचलायचं ते एकदाच. ओढ्याच्या पाण्याने चाक फिरायचं, चाकाने दातेरी चक्रं आणि चक्रांनी दगड.

आईने एका दगडाच्या चऱ्यांवरून बोटं फिरवली. "अगं, याला टाकी लावायला झालीय!" म्हणजे छिन्नीने चऱ्या पुन्हा खोल करायला हव्यात. दळण 1914 मध्येच थांबलंय असं सांगितलं, तर तिचा चेहरा उतरला.

त्यानंतर चक्कीची पडझड होत गेली. मालक होते गॉडविन-ऑस्टिन घराणं. ज्यांनी काराकोरमची मोजणी केली आणि ज्यांचं नाव के-टू शिखराला जोडलं गेलं, त्यांचंच हे घराणं. चक्की वाचवायला पुढे आली ती फर्ग्युसन्स गँग (पुण्याच्या फर्ग्युसनशी संबंध नाही). जुनी इंग्लिश खेडी आणि इमारती वाचवायच्या म्हणून जमलेल्या या तरुण बायका. मुखवटे घालायच्या, टोपणनावांनी वावरायच्या. 1932 मध्ये चक्की जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आली, आणि दुरुस्तीचा पैसा उभा करायची जबाबदारी गँगने घेतली. 1933 मध्ये त्यांच्यातली 'रेड बिडी' ट्रस्टच्या कचेरीत गेली आणि व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या नाण्यांत 100 पौंड देऊन आली. नाव मात्र सांगितलं नाही.

जॉन मॅकग्रेगर या वास्तुविशारदाने चक्की दुरुस्त केली. त्याचंही टोपणनाव होतं, 'आर्टिचोक'. एका भागाचं त्याने राहतं घर केलं, दुसऱ्या भागात यंत्रं तशीच ठेवली आणि तिथेच गँगच्या गुप्त बैठका भरू लागल्या. मला हे फार मोलाचं वाटतं. पूर्ण घर केलं असतं तर ती चक्रं, ते दगड कधीच गेले असते, आणि नुसती यंत्रं ठेवली असती तर तिथे दिवा लावायलाही कुणी राहिलं नसतं.

'बिल स्टिकर्स' या नावाने गँग चालवणारी पेगी पोलार्ड केंब्रिजला संस्कृत शिकलेली होती. हे कळल्यावर आई परत आत गेली आणि बैठकीची जागा पुन्हा नीट बघून आली.

यायचं असेल तर शालफर्ड स्टेशनवरून चालत येता येतं, फक्त उघडण्याचे दिवस आधी बघून घ्या. याच ओढ्यावर वरच्या अंगाला चिलवर्थ आहे. 1626 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने तिथे बंदुकीच्या दारूचा कारखाना काढला होता, पाण्याच्याच जोरावर चालणारा. आई परत जायच्या आत तिला तिथेही न्यायचंय.