नावापुढचे दोन स्टार

सोमवारी, १ डिसेंबर २०२५ ला दुपारी मतदानाचं साहित्य घेऊन आमचं पथक केंद्रावर पोचलं, तेव्हा फळ्याच्या कोपऱ्यात खडूनं लिहिलेलं होतं: पट २३, हजर २१. सकाळची शाळा करून मुलांना सोडलं होतं. शिपाई फळा पुसायला निघाला, तर मी म्हटलं, राहू दे.

ही शाळा माझी. चौथीपर्यंत मी इथेच शिकले. तेव्हा एकट्या चौथीच्या दोन तुकड्या होत्या आणि एका बाकावर तिघी-तिघी बसायचो. आता पहिली ते चौथी मिळून तेवीस मुलं.

रत्नागिरी जिल्ह्यातलं हे खाडीकाठचं लहान शहर. नाव लिहीत नाही. सरकारी नोकरीत आहे, आणि जे सांगायचंय ते कोकणातल्या कितीतरी शहरांचं आहे. लग्न होऊन मी इथून तालुक्यातल्या एका गावात गेले आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. निवडणुकीची ड्युटी मला नवीन नाही, पण आपल्याच लहानपणीच्या वर्गात केंद्राध्यक्ष म्हणून बसायची वेळ पहिल्यांदा आली. रात्री साहित्य तपासताना यादी चाळली. नऊशेवर नावं. नोकरीत आयुष्य गेलं ते या दोन याद्यांमध्येच, एक पटाची आणि एक मतदारांची. पण दोन्ही अशा शेजारी ठेवून कधी बघितल्या नव्हत्या.

नगरपरिषदेची आधीची निवडणूक २०१६ सालची. मुदत संपली तसा कारभार प्रशासकाकडे गेला. ओबीसी आरक्षणाचा वाद कोर्टात, प्रभागरचना आज अशी तर उद्या तशी, असं करत निवडणूक लांबतच गेली. शेवटी ६ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टानं चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, मग ती मुदतही वाढून ३१ जानेवारी २०२६ वर गेली. आम्हा शिक्षकांचा हिशेब वेगळा असतो. २०१६ ला पहिलीत आलेलं पोर आज दहावीत आहे. पाच वर्षांची मुदत संपायच्या आत निवडणूक झाली पाहिजे, हे ७४ व्या घटनादुरुस्तीनं घटनेत स्वच्छ लिहून ठेवलंय, आणि नागरिकशास्त्रात आम्ही ते मुलांना शिकवतो. प्रशासकांनी काही केलंच नाही असं मी म्हणणार नाही. रस्ते झाले, दिवे लागले. पण रात्री अकराला गटार तुंबलं तर कुणाचं दार वाजवायचं, हे जवळपास चार वर्षं इथे कुणाला सांगता येत नव्हतं.

मंगळवारी साडेसातला मतदान सुरू झालं. नगरपरिषदेला एका मतदाराला तीन मतं द्यायची होती: एक नगराध्यक्षाचं, दोन प्रभागातल्या सदस्यांची. तिन्ही बटणं दाबल्याशिवाय यंत्राचा लांब आवाज येत नाही. त्यामुळे दर थोड्या वेळानं आमच्या तिसऱ्या नंबरच्या अधिकाऱ्यांचा आवाज यायचा, "आजी, अजून दोन राहिलीत, अजून दोन!" पहिल्या तासाभरातच एक मुलगी आली. नर्स आहे, रात्रपाळी करून तशीच आलेली. शाई लावून घेताना म्हणाली, "बाई, लोकसभेला दोनदा दिलं, विधानसभेला दोनदा दिलं. नगरपरिषदेला आज पहिल्यांदा." वय सव्वीस. तिच्या घरासमोरच्या गल्लीचा निर्णय कुणी घ्यायचा, हे सांगायला तिला सव्वीस वर्षं थांबावं लागलं. मला ते फार लागलं.

या वेळी यादीत काही नावांपुढे दोन स्टार छापलेले होते. राज्य निवडणूक आयोगानं संभाव्य दुबार मतदार शोधून त्यांच्यापुढे ही खूण केली होती. असा मतदार आला की त्याचं ओळखपत्र नीट तपासायचं आणि हमीपत्र लिहून घ्यायचं, की मी दुसऱ्या कुठल्या केंद्रावर मतदान केलेलं नाही आणि करणारही नाही. ट्रेनिंगला हे ऐकताना माझ्या डोळ्यापुढे लबाड माणूस आला होता. प्रत्यक्षात नऊच्या सुमाराला एक म्हातारं जोडपं आलं. रात्रीच्या गाडीनं येऊन स्टेशनवरून रिक्षानं थेट केंद्रावर. हातात प्रवासाची पिशवी तशीच. पहिल्या नंबरच्या अधिकाऱ्यांनी नाव पुकारलं आणि माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, डबल स्टार. दोघांनाही."

मी त्यांना ओळखलं. त्यांनी मला ओळखण्याचं कारण नव्हतं. ते बँकेत होते, आणि संध्याकाळी आळीतल्या मुलांना ओटीवर बसवून गणित शिकवायचे. पैसे घेत नसत. काकू आत चहा करता करता पाढे म्हणून घ्यायच्या. दोन पावसाळे मीही त्या ओटीवर जाऊन बसले होते. आता नऊ वर्षं दोघं डोंबिवलीला मुलाकडे आहेत. इथलं घर बंद.

मी हमीपत्र पुढे केलं. काकांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं. हातातली किल्ली टेबलावर ठेवली आणि पेन घेतलं. जुन्या कुलपाची लांब दांड्याची किल्ली, सुतळीत ओवलेली, दांड्यावर गंज. पेन हातात तसंच राहिलं.

"म्हणजे महापालिकेला तिकडे देता येणार नाही?"

"नाही काका. एकाच ठिकाणी."

"तिकडची कधी आहे?"

"अजून जाहीर व्हायचीय. पण जानेवारी संपायच्या आत व्हायलाच हवी."

काकू मागे उभ्या होत्या. त्यांनी कागद हातातच घेतला नाही. "मी नाही सही करणार," त्या म्हणाल्या. "मी तिकडे देईन."

"अगं, एवढं इथवर आलो..."

"तुम्ही मत द्यायला आलात. मी घर उघडायला आले. अहो, घर इथे आहे, पण माझा दिवस तिकडे जातो. नातवाची रिक्षा कुठे थांबते, पाणी किती वाजता सोडतात, भाजी कुठे ताजी मिळते, सगळं मला तिकडचं माहीत. इथे नळाला पाणी किती वाजता येतं ते तरी आता सांगता येईल का तुम्हाला?"

काका काही बोलले नाहीत. रांगेतली एक मासेवाली पाटी बाहेर ठेवून उभी होती. ती मोठ्यानं म्हणाली, "बराबर बोलल्या त्या. गाडी भरून येतात, मत देतात नि जातात. गटार आमच्या दारात ऱ्हातंय." उमेदवारांचे प्रतिनिधी चुळबुळले. केंद्रात चर्चा नको, म्हणून मी सगळ्यांना गप्प केलं. ते माझं कामच होतं. पण त्या बाईला गप्प केल्याचं मला बरं वाटलं नाही.

काकांनी पेन ठेवलं, किल्ली उचलली. "जरा घरी जाऊन येतो," म्हणाले आणि दोघं निघून गेले.

पुढचे दोन तास गर्दी होती, तरी डोक्यातून ते दोघं जाईनात. कोकणातून माणूस बाहेर पडणं काही आजचं नाही. माझे आजोबा गिरणीत होते, आणि १९८२ च्या संपापर्यंत आमच्या घरात महिन्याला मनीऑर्डर यायची. पण तेव्हा घरातला एक पुरुष जायचा आणि घर इथे राहायचं. बायको, म्हातारी, पोरं, गोठा, शाळा, देवळाची पाळी, सगळं इथेच. आता घरच्या घर जातं. २००१ ला रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजार ७७७ होती, २०११ ला ती १६ लाख १५ हजार ६९ झाली. सारा महाराष्ट्र वाढत असताना रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन्ही जिल्हे घटले. त्यानंतर जनगणना झालेली नाही. पुढची २०२७ ची. पण आमच्या शाळांचे पट दर जूनला आम्हाला काय ते सांगतातच.

या शहरातून कोण गेलं ते मी नावानिशी सांगू शकेन. बँकेतले, पोस्टातले, कोर्टातले कारकून, हायस्कूलचे मास्तर, दोन डॉक्टर. वाचनालयाची वर्गणी न चुकता भरणारी माणसं. पाणी गढूळ आलं की फुलस्केपवर अर्ज लिहून नगरपरिषदेत न्यायचे आणि पोच घेतल्याशिवाय हलायचे नाहीत. त्या एका पोचेवर अख्ख्या आळीला पाणी यायचं, ज्यांना अर्ज लिहिता येत नव्हता त्यांनाही. असं एखादं कुटुंब उठून गेलं की आळीत एक दार बंद होतंच, शिवाय तो अर्जही बंद होतो. मी कुणाला बोल लावत नाही. माझी मुलगी पुण्यात आहे आणि बारावीनंतर मीच तिला पाठवली. माझे निम्मे सहकारी रत्नागिरीहून अप-डाऊन करतात.

निवडून येणारे नगरसेवक या माणसांना परत आणतील का? नोकरी, चांगलं कॉलेज, मोठं हॉस्पिटल यातलं काहीच नगरपरिषदेच्या हातात नाही. जकात कधीच गेली. घरपट्टी, पाणीपट्टी आणि बाजाराची वसुली सोडली तर बाकी वरच्या अनुदानाकडे डोळे. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत शहरांसाठी १८ विषय दिलेत, त्यांतले किती खरोखर खाली उतरले हे कुठल्याही मुख्याधिकाऱ्याला विचारावं. पण जे हातात आहे ते थोडं नाही. वेंगुर्ल्यानं कचऱ्याचं वर्गीकरण करून आपल्या डंपिंगच्या जागेचं असं रूप केलं की लांबून लोक ती मुद्दाम बघायला जातात. लहान नगरपरिषद, पण मनावर घेतलं आणि केलं.

आणि चिपळूण. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर आम्ही काही शिक्षक तिथे चिखल काढायला गेलो होतो. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, १८६४ सालचं वाचनालय. पुस्तकं पाण्यानं फुगून कपाटात अशी घट्ट बसली होती की एक ओढायला जावं तर नुसता पाठीचा कागद हातात यायचा. तरी ते वाचनालय पुन्हा उभं राहिलं. उभं करणारी माणसं गावात राहत होती, म्हणून राहिलं. त्याच वर्षाच्या अखेरीला चिपळूणच्या नगरपरिषदेची मुदत संपली. गाळ किती काढायचा, पूररेषा कुठून धरायची, यावर गाव रस्त्यावर उतरून बोलत होतं, आणि त्या काळात लोकांनी निवडून दिलेलं सभागृह मात्र नव्हतं. घर विकावं की राहावं, हे माणूस अशाच वेळी ठरवतो.

दुपारनंतर बाहेरून बातमी आत आली, की हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाच्या आदेशानं उद्याची मतमोजणी होणार नाही, ती २१ डिसेंबरला. प्रतिनिधींचे चेहरे उतरले. एकानं विचारलं, "मॅडम, एकोणीस दिवस मशिनं कुठं ऱ्हाणार?" स्ट्राँगरूममध्ये, पोलीस बंदोबस्तात, असं मी सांगितलं. नऊ वर्षं थांबलेल्या माणसांना आणखी एकोणीस दिवस थांबायला सांगणं मला जड गेलं.

चारच्या पुढे वर्ग शांत झाला. आमच्यातल्या एकानं वडापाव आणले होते, ते गार झाले होते. मत दिलेल्यांची खूण करायच्या यादीवर, म्हणजे चिन्हांकित प्रतीवर, ज्या नावांवर खूण झाली नव्हती त्यांवरून नजर फिरवत होते. एकेका घरातली चार-चार, पाच-पाच नावं कोरी. एका घराच्या सगळ्या नावांपुढे दोन-दोन स्टार. ही सगळी माणसं मला माहीत होती. कुणी ठाण्याला, कुणी पनवेलला, कुणी वसईला.

सव्वापाचला काका आले. एकटेच. शर्ट बदललेला, पण बाहीला कोळिष्टक चिकटलेलं. दिवसभर घर झाडत होतो म्हणाले. "तो कागद द्या." या वेळी वाचला नाही. सही केली, शाई लावून घेतली, आत गेले. एक, दोन, बराच वेळ गेला, आणि तिसरं. यंत्र वाजलं.

बाहेर पडायच्या ऐवजी ते पुन्हा माझ्या टेबलाशी आले.

"तिकडच्या यादीतलं नाव कमी करायला फॉर्म कुठला?"

"नमुना ७."

"लिहून द्या."

मी त्यांच्याच मतदार चिठ्ठीच्या मागे लिहून दिलं. "आणि काकूंचं?"

"तिचं इथलं कमी करायचं. तिचा फॉर्म तीच भरेल. ती परवा जाईल, नातवाची परीक्षा आहे."

एक पेन्शनर परत आल्यानं शाळेचा पट वाढत नाही, हे मला कळतं. त्यांचा मुलगा येणार नाही, नातू इथल्या बाकावर बसणार नाही. माझीही मुलगी येणार नाही. तरी मी विचारलं, "तुम्ही किती दिवस आहात, काका?"

त्यांनी चिठ्ठीची घडी करून किल्लीबरोबर खिशात ठेवली.

"पाणी सकाळी साडेसहाला येतं," ते म्हणाले. "शेजारी विचारून आलो."