जिप्सीची पहिली विंच: वजनकाट्यापासून पहिल्या ओढीपर्यंत

जूनचा दुसरा आठवडा

मंडळी, यंदा विंच, म्हणजे मोटरने ड्रमवर दोर गुंडाळत अडकलेली गाडी ओढून काढणारं यंत्र, घ्यायचीच, हे गेल्या आषाढातच ठरलं होतं. मावळात एका खाचराच्या कडेने जाताना रस्त्याचा काठ ढासळला आणि जिप्सीची डावीकडची दोन्ही चाकं खाचरात उतरली. बरोबर दुसरी गाडी नव्हती. शेजारी चिखलणी चालू होती. तिथले काका काम सोडून ट्रॅक्टर घेऊन आले, साखळी लावून गाडी बाहेर काढली, पैसे घेतले नाहीत आणि वर चहा पाजला. पण लावणीच्या दिवसांत भाड्याच्या ट्रॅक्टरचा एकेक तास मोजलेला असतो. रोपांच्या मुठी घेऊन बायका बांधावर थांबून होत्या. त्यांचा तास माझ्या हौसेपायी गेला, हे वर्षभर सलत राहिलं. फुटलेला बांध आम्ही फावड्याने परत घातला, पण गेलेला तास भरून देता आला नाही.

म्हणून कुणाचं काम न थांबवता स्वतःची गाडी स्वतः काढता आली पाहिजे, एवढी एकच गरज डोळ्यांसमोर ठेवून निवड सुरू केली.

विंचची ओढ किती हवी, यावर सगळ्यांनी सांगितलेला आकडा एकच: 9500 पाउंड. थारवाल्यांसाठी तो बरोबर आहे. ती गाडी रिकामीच पावणेदोन टनांच्या आसपास जाते, त्यात माणसं आणि सामान. जिप्सीचं काय? पुस्तकातल्या वजनावर विसंबायचं नव्हतं, म्हणून टाकी भरली, हत्यारं, जॅक, पाण्याचा कॅन आणि एक मित्र असं नेहमीचं सगळं घेऊन वाळूच्या ट्रकांच्या वजनकाट्यावर गेलो. आकडा आला 1340 किलो. मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून पुन्हा वजन केलं: 690. ही चिठ्ठी मी डॅशबोर्डच्या खणात जपून ठेवली आहे. विंच घेणाऱ्या प्रत्येकाने आधी ही चिठ्ठी मिळवावी, दुकानात नंतर जावं.

भरलेल्या गाडीच्या दीडपट ओढ हवी, हा रूढ नियम. 1340 ची दीडपट म्हणजे 2010 किलो, साधारण 4430 पाउंड. म्हणजे 6000 पाउंडांची विंच पुरायला हवी. तरीही मन 9500 कडे ओढ घेत होतं, कारण मोठा आकडा धीर देतो. त्यामुळे तो आकडा नेमका काय सांगतो, ते मुळापासून समजून घेतलं.

डब्यावरचा आकडा ड्रमवर दोराचा पहिला थर असतानाचा असतो. दुसरा, तिसरा, चौथा थर चढला की ड्रम जाड होतो आणि तेवढ्याच मोटरची ओढ कमी पडते. रहाटाचा रूळ जाड असला की पोहरा ओढायला जोर जास्त लागतो, तसंच. मी शेवटी घेतलेल्या विंचच्या तक्त्यात पहिल्या थराला 6000 पाउंड म्हणजे 2720 किलो आहेत, आणि शेवटच्या थराला 3900 च्या आसपास, म्हणजे 1770 किलो. झाड पाच-सहा मीटरवर असेल तर जवळजवळ सगळा दोर ड्रमवरच राहतो आणि ओढ सगळ्यात कमी मिळते. जवळचं झाड सोयीचं वाटतं, पण विंचला ते सगळ्यात जड जातं.

आता चिखलाचा हिशेब. सैन्यातले रिकव्हरीवाले ढोबळ मानाने असं धरतात: चाकं बुडाली तर गाडीच्या वजनाएवढी ओढ, मडगार्डपर्यंत बुडाली तर दुप्पट, त्याहून वर गेली तर तिप्पट. माझ्या गाडीला मडगार्डपर्यंतचा चिखल म्हणजे 2680 किलो. शेवटच्या थरावर 6000 ची विंच इथे हरते. पण 9500 ची विंचही शेवटच्या थरावर याच प्रमाणात उतरते आणि ती जेमतेम काठावर येते! दोघींनाही तारून नेते ती पुली. दोर झाडाकडच्या पुलीतून फिरवून परत गाडीच्या हुकाला आणला की गाडीवरची ओढ दुप्पट होते. शिवाय दोर दुप्पट लांब सोडावा लागल्यामुळे ड्रमवरचे थर उतरतात, म्हणजे फायदा दोन्हीकडून. वेग निम्मा होतो, पण चिखलात घाई कुणाला आहे?

हे कळल्यावर मी विंचच्या आधी पुली विकत घेतली. सोबत झाडाची साल सोलू नये म्हणून चपटा पट्टा आणि शॅकल, म्हणजे पिनेने बंद होणारी जाड कडी. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. पुली लावली की झाडाकडच्या टोकावर दुप्पट भार येतो. पहिल्या थरावर पूर्ण ओढ लागली तर माझ्या विंचचा तो भार 5.4 टन होतो. सगळीकडे मिळणारं 19 मिलिमीटरचं शॅकल 4.75 टनांचं असतं, ते तिथे कमी पडतं. म्हणून झाडाकडे 22 मिलिमीटरचं, 6.5 टनांचं शॅकल ठेवलं आहे. पुली आणि पट्टाही त्याच हिशेबाने निवडले.

जूनचा शेवट

निर्णय पक्का करण्याआधी एका मित्राचं टिरफोर आणून पाहिलं. हाताने दांडा मागेपुढे करायचा, दोर आतून सरळ आरपार जातो. ड्रम नाही, म्हणून थर नाहीत. 1600 किलोंचं यंत्र पहिल्या मीटरला जेवढं ओढतं तेवढंच शेवटच्या मीटरला ओढतं. बॅटरी मेली, इंजिन बंद पडलं, तरी चालतं. या यंत्राबद्दल माझ्या मनात फार आदर आहे. पण पावसात, घसरड्या उतारावर उभं राहून पाच मीटर ओढायला आम्हा दोघांना आळीपाळीने चाळीस मिनिटं लागली. एकटा माणूस अडकला तर अवघड आहे. ज्यांचं बजेट कमी आहे आणि दंडात बळ आहे, त्यांनी विंचच्या आधी याचा जरूर विचार करावा.

6000 आणि 9500 मधला कौल शेवटी जिप्सीच्या पाट्यांनी (लीफ स्प्रिंगांनी) दिला. पोलादी दोराची 9500 ची विंच, तिची प्लेट आणि जाड बंपर मिळून साठ किलो धरा. हे वजन पुढच्या एक्सलच्या साधारण 600 मिलिमीटर पुढे लटकतं. जिप्सीचा व्हीलबेस 2375. तरफेच्या हिशेबाने पुढच्या पाट्यांवर 60 नाही, 75 किलो वाढतात आणि मागची बाजू 15 किलोंनी हलकी होते. पुढे आधीच 690 किलो आहेत. चढावर मागच्या चाकांना पकड हवी असते, उतारावर पुढचं नाक जड नको असतं. एवढ्या हलक्या गाडीचा मोठा गुण म्हणजे तिचा हलकेपणा. तो घालवून घेतलेली ताकद मला नको होती.

बसवायची कशी, यावर बराच वेळ गेला. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्ये क्रॅशगार्ड आणि बुलबारवर कारवाई करायला राज्यांना सांगितलं, मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 च्या आधाराने. पादचाऱ्याला असा लोखंडी बंपर लागला तर काय होतं, हे डोळ्यांसमोर आणलं की त्यामागचं कारणही पटतं. म्हणून रस्त्यावर पुढे काहीच लटकलेलं नको, असं ठरवलं. विंच काढता-घालता येणाऱ्या पाळण्यावर बसवली आणि चॅसीच्या दोन्ही दांड्यांना धरून 50 मिलिमीटरचा चौकोनी सॉकेट केला. गावापर्यंत विंच मागे, सीटच्या पायथ्याशी, पट्ट्याने बांधलेली असते. माझ्या फिटरने नुसतं वेल्डिंग करायला साफ नकार दिला. प्लेट आरपार बोल्टने धरली आणि आतून नळी घातली, म्हणजे बोल्ट आवळताना चॅसीची पेटी चेपत नाही. त्या नळीसाठी तो दोन दिवस थांबला. असा कारागीर मिळाला तर त्याला घाई करू नका. पाळण्याची मर्यादाही सांगतो: फार तिरकी ओढ त्याला सोसत नाही, शक्यतो सरळ रेषेतच ओढायचं.

दोर सिंथेटिक घेतला. पोलादी दोर चिखल, दगड, ऊन जास्त सोसतो, हे खरं. पण तो तुटला तर जीव घेऊ शकतो. हाताळताना त्याच्या तुटक्या तारा हातमोज्यातूनही बोचतात. आणि वजनात पाच-सहा किलोंचा फरक पडतो. सिंथेटिकला उष्णता आणि वाळू या दोन गोष्टी चालत नाहीत. तो दीडशे अंशांच्या आतच वितळतो आणि त्याच्या खूप आधीच कमजोर पडतो. ड्रमच्या आत ब्रेक असलेल्या विंचमध्ये मोटरने भाराखाली दोर सोडत राहिलं तर ड्रम तापतो. म्हणून दोर नेहमी विंचचा क्लच मोकळा करून हाताने ओढून न्यायचा. ड्रमवर किमान आठ-दहा वेढे शिल्लक ठेवायचे. दोर बाहेर येतो तिथे रोलरऐवजी गुळगुळीत ॲल्युमिनियमची चौकट लावली.

विजेचं काम थोडक्यात: जाड केबल थेट बॅटरीच्या दोन्ही टोकांना, निगेटिव्ह चॅसीला नाही. मध्ये वीज तोडणारा स्विच. पूर्ण ओढीला विंच तीनशे अँपिअर मागते असं धरलं, तर दोन मिनिटांत दहा अँपिअर-तास गेले. जिप्सीची मूळची बॅटरी लहान, अल्टरनेटर त्याहून लहान. म्हणून इंजिन चालू ठेवायचं, मिनिटभर ओढायचं, थांबायचं, मोटरला हात लावून पाहायचं. बॅटरी एक माप मोठी घेतली.

जुलैचा पहिला रविवार

नवीन दोर ताणाखाली गुंडाळावा लागतो. सैल गुंडाळला तर खऱ्या ओढीच्या वेळी वरचा वेढा खालच्या वेढ्यांत रुतून बसतो आणि सुटत नाही. वस्तीपासून दूर, एका हलक्या चढाच्या माथ्यावरच्या आंब्याला पट्टा बांधला, दोर पूर्ण सोडला, मित्र स्टिअरिंगवर हँडब्रेक थोडा ओढून बसला आणि मी रिमोट धरून बाजूला उभा राहिलो. दोर तुटलाच तर उसळू नये म्हणून त्यावर ओलं गोणपाट टाकलं. गाडी हलायच्या आधी दोर सूऽऽ असा बारीक आवाज करत ताणला गेला, त्यातलं पाणी थेंबाथेंबाने पिळून बाहेर आलं आणि मग चाकं फिरली. एकेक वेढा शेजारच्या वेढ्याला घासून बसत होता. केबलमधला प्रवाह मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरवर 120 अँपिअर दिसले. दोर तिरका जायला लागला की थांबून सरळ करत, सगळं मिळून पंचवीस मिनिटं लागली.

जुलैचा तिसरा रविवार

त्याच वाटेवर परत गेलो, या वेळी दोन गाड्या घेऊन. काकांच्या खाचरात लावणी झाली होती, पोपटी रोपं पाण्यात उभी होती. पुढच्या ओढ्याच्या उतारावर जिप्सी पोटापर्यंत रुतली. आधी फावड्याने चारही चाकांसमोरचा चिखल काढला. हे दहा मिनिटांचं काम विंचचा बराच भार कमी करतं, ते कधीही टाळू नका. सरळ रेषेत अठरा मीटरवर ऐनाचं जाड झाड होतं. पट्टा बुंध्याच्या अगदी खाली, पुली, दोर परत पुढच्या हुकाला, गोणपाट, माणसं दोराच्या रेषेबाहेर. चाळीस सेकंद ओढ, थांबा, पुन्हा चाळीस. तिसऱ्या ओढीला पोटाखालून चिखलाने गाडी सोडली, तो आवाज ऐकताना अंगावर काटा आला. व्होल्टेज 11.4 च्या खाली गेलं नाही.

परतताना काकांकडे थांबलो, या वेळी फक्त चहाला.

घरी येऊन दोर पूर्ण उलगडून बादलीत धुतला. तीन पाण्यांनंतरही तळाशी लाल रेती उतरत होती. आता तो गॅलरीत सावलीत वाळत आहे. टोकापासून चार मीटरवर एक पीळ किंचित खरबरीत झाला आहे, तिथे घर्षणरोधक नळी चढवायची आहे. मागच्या बाजूच्या सॉकेटचं माप फिटरने घेतलं आहे. गाडी पुढे नाक खुपसून बसली तर तीच विंच मागे लावून उलटी ओढायची सोय होईल. श्रावण लागायच्या आत ते काम उरकायचं आहे.