तुम्ही विचारलंत म्हणून: आरती येते, मग पाणी का मागता येत नाही?

"मॅडम, रागावू नका, पण हे नाटक तर करत नसतील ना?"

हा प्रश्न पेशंटसमोर कधीच येत नाही, तो येतो बाहेर चपला घालताना, हळू आवाजात. मी स्पीच थेरपिस्ट आहे, नाशिकला गंगापूर रोडवर छोटीशी खोली आहे माझी, आणि सिन्नर, निफाड, दिंडोरीकडूनही लोक येतात. विचारणारी कधी बायको असते कधी सून, आणि त्यांचं काही चुकतं असं मला वाटत नाही, कारण घरात त्यांना जे दिसतं ते खरंच विचित्र असतं. मेंदूला झटका आलेला माणूस दिवसभर पाणी मागू शकत नाही, बायकोचं नाव घेऊ शकत नाही, "अं... अं... ते" एवढंच, आणि संध्याकाळी आरती सुरू झाली की पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत न अडखळता म्हणतो. मग शंका येणारच.

पंचवटीतले एक आबा आहेत, प्रेसमधून रिटायर झालेले. सकाळी उठले तर उजवा हात उचलेना आणि तोंडातून शब्द फुटेना. एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला रक्तपुरवठा तुटलेला दिसला (डावा मेंदू उजवं अंग चालवतो, म्हणून हात उजवा गेला). पहिल्या दिवशी मी विचारलं, आबा, मुलं किती? बोटं दाखवली दोन, बरोबर, पण तोंडातून "दोन" निघेना. कपाळावर घाम. मग मी सहज म्हटलं, बे एके बे... आणि आबांनी तिथून जो पाढा धरला तो थेट बे दाहे वीसला थांबला. त्यांची बायको माझ्याकडे बघायला लागली आणि मी तिच्याकडे बघायचं टाळलं, कारण आता चपला घालताना काय होणार ते मला माहीत होतं.

तर हे नाटक नाही. याला वाचाघात म्हणतात, डॉक्टर अ‍ॅफेजिया म्हणतील. आणि हे कोडं फार जुनं आहे हो. 1861 साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या सर्जनकडे लबोर्न्य नावाचा पेशंट आला, तो गेली वीस-एकवीस वर्षं फक्त "टाँ" एवढंच बोलत होता, काहीही विचारा, "टाँ टाँ". पण समोरच्याला कळत नाहीये म्हणून चिडला की खणखणीत शिवी द्यायचा. थोड्याच दिवसांत तो वारला, ब्रोकाने मेंदू बघितला तर डाव्या बाजूला पुढच्या भागात बिघाड. असे आणखी पेशंट बघून 1865 मध्ये ब्रोकाने लिहिलं की आपण डाव्या मेंदूने बोलतो. पुढे 1874 मध्ये वेर्निकेने दाखवलं की डाव्याच बाजूला पण मागे इजा झाली तर माणूस भरभर बोलतो पण बोलण्याला अर्थ राहत नाही, आणि समोरच्याचं बोलणंही नीट समजत नाही. झालं, तिथून "डावा मेंदू भाषेचा" हे पक्कं झालं आणि पुढे त्याचं "उजवा मेंदू कलेचा" असं पिल्लू निघालं.

या पिल्लाचा मला मनापासून राग आहे. मुलांचा उजवा मेंदू जागृत करून देणारे क्लास निघतात, आणि आईवडील माझ्याकडे येऊन विचारतात की आमचा मुलगा राइट ब्रेन आहे म्हणून उशिरा बोलतोय का. नाही. अमेरिकेत युटा विद्यापीठाच्या लोकांनी 2013 मध्ये हजाराहून जास्त माणसांचे स्कॅन तपासले, एकाच बाजूने चालणारा माणूस असा प्रकार त्यांना सापडला नाही. ठराविक कामं ठराविक बाजूला जास्त होतात हे खरं, अख्खा माणूस डावा किंवा उजवा हे खोटं. आणि मुलगा डावखुरा असेल तर? वाडा टेस्ट म्हणून एक आहे (आपल्या जुन्या नाशकातल्या वाड्यांचा काही संबंध नाही, जपानी डॉक्टरचं आडनाव आहे), त्यात औषधाने मेंदूची एक बाजू काही मिनिटं झोपवतात आणि माणसाला बोलायला लावतात. 1977 च्या आकड्यांनुसार उजव्या हाताने काम करणाऱ्यांत 96 टक्के लोकांची भाषा डावीकडे होती, आणि डावखुऱ्यांतही 70 टक्के लोकांची डावीकडेच. तेव्हा हात बघून मेंदू सांगणाऱ्यांचं फार मनावर घेऊ नका.

आता दोन्ही बाजू करतात तरी काय. मोठ्याने म्हणून बघा: काल, खाल, गाल, घाल. चार शब्द, चार अर्थ, आणि फरक कुठे, तर सुरुवातीच्या एका क्षणात, सेकंदाच्या काही शतांश भागात. तो क्षण निसटला की शब्द बदलला. आता म्हणा "जेवलास." आणि मग "जेवलास?" अक्षरं तीच, फरक आवाजाच्या चढउतारात, आणि तो अख्ख्या शब्दावर पसरलेला. 2003 मध्ये डेव्हिड पोपेल या संशोधकाने मांडलं की डावी बाजू आवाजाचे बारीक तुकडे करून ऐकते, 20 ते 40 मिलिसेकंदांचे, आणि उजवी लांब तुकडे घेते, 150 ते 250 चे. यावर अजून वाद चालू आहेत, पण मला समजवायला ही मांडणी फार कामाला येते. 2020 मध्ये मॉन्ट्रियलला तर मस्तच प्रयोग झाला, दहा वाक्यं दहा चालींवर गाऊन घेतली, झाली शंभर गाणी, आणि मग ती दोन तऱ्हांनी बिघडवली. आवाजातले वेळेचे बारकावे पुसले की लोकांना शब्द कळेना पण चाल ओळखू यायची, आणि स्वरांचे बारकावे पुसले की उलटं. स्कॅनमध्ये शब्दांचा माग डावीकडे लागला, चालीचा उजवीकडे. तेच गाणं, तोच कान!

मेंदूची उजवी बाजू गेली तर काय होतं हे कुणी मला विचारतच नाही, कारण माणूस बोलत असतो ना. एक सासूबाई होत्या, मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आलेला, बोलणं एकदम स्वच्छ, पण सपाट, बसमधली अनाउन्समेंट असते ना तसं. सून म्हणाली, आई माझ्यावर कायम रागावलेल्या वाटतात. आणि दुसरी गोष्ट तिने जरा हसत सांगितली. नवरा रात्री अकराला घरी आला, ती दारातच म्हणाली, "वा, आज लवकर आलात!" आणि सासूबाई आतून शांतपणे म्हणाल्या, "हो ना, आज लवकर सुटला वाटतं." ज्या बाईच्या टोमण्यांना अख्खी गल्ली घाबरायची तिला टोमणा कळेनासा झाला. मी हसले नाही, कारण सांगून होईपर्यंत सुनेचे डोळे भरले होते.

तर आबांचं. नवीन वाक्य जुळवायचं म्हणजे शब्द शोधा, क्रम लावा, जिभेला हुकूम द्या, हे सगळं डावीकडचं काम, आणि तीच बाजू जखमी. पण आरती, पाढे, शिव्या, "या बसा" हे जुळवावं लागत नाही, ते वर्षानुवर्षं घोटून एकसंध झालेलं असतं. ते सांभाळायला उजवी बाजू आणि मेंदूच्या आत खोलवर असलेले सवयीचे भाग हातभार लावतात, आणि ते आबांचे शाबूत आहेत. म्हणजे आरती म्हणणारे आबा "बोलत" नाहीयेत, पाठ सोडतायत. तुम्हीपण आरतीतली मधलीच ओळ सांगा बघू पटकन, पहिल्या ओळीपासून सुरुवात केल्याशिवाय येते का?

यावर पुढचा प्रश्न ठरलेला: मग गाण्यातूनच बोलायला शिकवा की! शिकवतात. 1973 मध्ये बॉस्टनच्या तिघांनी ही पद्धत मांडली, वाक्य दोन सुरांत लांबवून म्हणायचं आणि डाव्या हाताने ठेका धरायचा. बरीच वर्षं समज अशी की गाण्यामुळे उजवा मेंदू कामाला लागतो. पण 2011 मध्ये जर्मनीत 17 पेशंटवर तपासलं तर नुसत्या ठेक्यावर बोलून जेवढं साधतं त्यापेक्षा गाऊन जास्त काही साधलं नाही, खरी मदत ठेक्याची आणि वाक्य ओळखीचं असण्याची. मी गाऊनही घेते, माझा आवाज भसाडा आहे तरी. आणि भजनी मंडळात नेऊन बसवलं की आपोआप वाचा येईल असं कुणी सांगितलं तर जरूर बसवा, मन रमेल, पण थेरपी सोडू नका.

आबांचं आम्ही पाढ्यावरूनच सुरू केलं. डाव्या हाताने मांडीवर ठेका, "च-हा दे", "पा-णी दे". सहा आठवड्यांत चहा आला, पाण्याला अजून धक्का द्यावा लागतो. आकडे मात्र पाढ्याच्या जिन्यावरूनच चढतात. गेल्या गुरुवारी नात सोबत आली होती, मी विचारलं, आबा, हिचं वय किती? आबा पुटपुटले, बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा, बे चोक... आणि मान वर करून मोठ्याने, "आठ!" बायकोने डोळ्याला पदर लावला. नात म्हणाली, "आजोबा, मला नऊ लागलं ना आता." त्यावर आबांनी जो एक शब्द काढला तो पाढ्याबिढ्याशिवाय, एकदम स्वच्छ आला, आणि तो मी इथे लिहू शकत नाही.