वळण लवकर येतंय

नवरात्रात आमचं मैदान नऊ-दहा दिवस मंडपाखाली गेलं होतं. दसरा झाला, बांबू निघाले, खड्डे बुजवले आणि मामांनी फक्की मारून ट्रॅक नव्याने आखला. मामा म्हणजे मैदानावरचे शिपाई. वीस वर्षं तेच आखतात. पहाटे पावणेसहाला मी पोचलो तेव्हा त्या ताज्या पांढऱ्या रेषा बघून बरं वाटलं होतं. मातीचा ट्रॅक असला तरी आखीव दिसला की पोरं वेगळ्याच तोऱ्यात धावतात.

त्या दिवशी ‘पंचवीस चारशे’ होतं. म्हणजे ४०० मीटरच्या २५ फेऱ्या, दोन फेऱ्यांच्या मध्ये ४५ सेकंद विश्रांती. बेरीज केली तर बरोबर दहा किलोमीटर. नवीन पोरांना वाटतं, हे वेगाचं काम आहे, आणि पहिल्या पाच फेऱ्यांतच ते जीव काढतात. खरं तर इथे वेग रोखून धरायचा असतो. सलग दहा किलोमीटर शर्यतीच्या वेगाने पळायला लावलं तर पोरगं दोन दिवस कामातून जातं. तेच अंतर तुकड्यांत दिलं, की मधल्या ४५ सेकंदांमुळे रक्तातलं लॅक्टेट (जोरात पळताना स्नायूंत तयार होऊन रक्तात उतरणारा पदार्थ) फार चढत नाही आणि पायांना शर्यतीचा वेग दहा किलोमीटरभर सोसता येतो.

ही कल्पना काही माझी नाही. चेकोस्लोव्हाकियाचा धावपटू एमिल झाटोपेक ४०० मीटरच्या चाळीस-चाळीस फेऱ्या मारायचा, मध्ये २०० मीटर हळू धावून. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्याने पाच हजार, दहा हजार आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णं नेली. (त्याच हेलसिंकीत आमच्या जिल्ह्यातल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कांस्य जिंकलं. हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही, पोरं हसतात.) आता नॉर्वेवाले कानाच्या पाळीतून रक्ताचा थेंब काढून लॅक्टेट मोजतात आणि त्यावर वेग ठरवतात. आमच्याकडे ते यंत्र नाही. आमच्याकडे मानेवरची नाडी आहे आणि दुसरी एक साधी कसोटी: ४५ सेकंदांच्या विश्रांतीत खेळाडूला एक पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आलं पाहिजे. आलं, तर वेग बरोबर. धाप लागून वाक्य तुटलं, तर वेग जास्त.

मोजायला माझ्या उजव्या खिशात २५ चिंचोके असतात. फेरी झाली की एक डाव्या खिशात. स्टॉपवॉच दगा देतं, डोकं तर देतंच, चिंचोके देत नाहीत.

आमची दहा हजार मीटरवाली मुलगी विद्यापीठाच्या स्पर्धेची तयारी करत होती. दीड महिना तिचा आकडा ठरलेला होता, ८८ सेकंद. वही उघडली तर पानभर ८८, ८८, ८७, ८८. त्या दिवशी पहिली फेरी ८४ ला आली. मी ओरडलो, ‘‘अगं, हळू! घाई कसली?’’ दुसरी ८४. तिसरी ८३. मी डोळे वटारले, तर ती म्हणे, ‘‘सर, मी नेहमीसारखीच पळतेय.’’

पाचव्या फेरीनंतर नाडी घेतली. दहा सेकंदांत २९ ठोके, म्हणजे मिनिटाला १७४. नेहमीइतकेच. आता प्रशिक्षकाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. नाडी तीच आणि वेळ चार सेकंदांनी कमी. यासाठीच तर आम्ही महिनोन् महिने पहाटे उठतो. मी मनातल्या मनात दहा हजारचा हिशोबही करून टाकला: फेरीला चार सेकंद, गुणिले पंचवीस, शंभर सेकंद. छत्तीस चाळीसवरून थेट पस्तिशीत!

मुलांच्या गटात एकाकडे जीपीएसचं घड्याळ आहे. तो पळता पळता म्हणाला, ‘‘सर, हे ३८० दाखवतंय.’’ मैदानाच्या वळणांवर ही घड्याळं नेहमीच भरकटतात, एरवी ४०५-४१० दाखवतात. ते मीच त्यांना शिकवलंय. म्हटलं, ‘‘बंद कर ते.’’

बाराव्या फेरीनंतर मुलगी कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘सर, आज वळण जरा लवकर येतंय. माझी पावलं सहाने कमी भरतात.’’

मी घड्याळाकडे बघत होतो. वाक्य पूर्ण झालं होतं, एकदाही अडखळलं नव्हतं. वहीत तिच्या नावापुढे बरोबरची खूण केली आणि म्हणालो, ‘‘छान. आता ८२ ला ये.’’

ती आली. तिचा स्वभावच तसा, सांगितलं की करते. तेरावी ८२, चौदावी ८२, पंधरावी ८२. सोळावीनंतर नाडी घेतली तर दहा सेकंदांत ३१. खांदे कानांकडे चढायला लागले होते, डावा हात छातीसमोरून आडवा जात होता. अठरावीनंतर तिने तोंड उघडलं, ‘‘सर... ते वळण...’’ आणि पुढचं श्वासात गेलं.

तेवढ्यात आमचा चिकनगुनियातून उठलेला पोरगा समोरून आला. दोन आठवडे अंथरुणावर होता, सांधे अजून धरत होते. त्याला मी दहाच फेऱ्या दिल्या होत्या, त्याही ८२ च्या पुढे, रमतगमत. त्याने आपली शेवटची फेरी संपवली आणि हसत ओरडला, ‘‘सर, अठ्ठ्याहत्तर!’’

अठ्ठ्याहत्तर हा त्याचा आजारपणाच्या आधीचा आकडा होता. दोन आठवडे भाताची पेज पिऊन कुणी चार सेकंदांनी सुधारत नाही. मी मुलीला हाताने थांबवलं. उजव्या खिशात सात चिंचोके राहिले होते.

शाळेतून लांब उडीची ५० मीटरची टेप आणली. आधी सरळ पट्टा मोजला. मैदानात दोन टोकांना लोखंडी खुंट्या पुरलेल्या आहेत, दोघींमध्ये ८४.३९ मीटर. ते अंतर चोख होतं. मग एका खुंटीपासून वळणाच्या आतल्या रेषेपर्यंत टेप ताणली. तिथे ३६.५० हवेत, धावणारा रेषेपासून थोडा बाहेरून पळतो असं धरून फेरी ४०० भरते. टेपवर ३३.५० आले. पुन्हा ताणली. तेच. दुसऱ्या खुंटीवरूनही तेच.

तीन मीटर त्रिज्या कमी, म्हणजे फेरीला जवळपास १९ मीटर कमी. ८८ चे ८४ का झाले, ८२ चे ७८ का झाले, सगळं एका ओळीत बसलं. आणि मी तिला जे ८२ मागत होतो, ते खऱ्या मैदानावरचे ८६ होते. ठरलेल्या वेगापेक्षा दोन सेकंद जोरात, तेही बारा फेऱ्या झाल्यावर. वाक्य तुटणारच.

मुलीने काही म्हटलं नाही, पायरीवर बसून बूट सोडत होती. मला मात्र तिचं बारावीनंतरचं वाक्य आठवत होतं. ती डाव्या पायाची पावलं मोजते, हे मला ठाऊक होतं. फेरीला १३३. त्या दिवशी १२७ भरत होती. ती बोलू शकते का एवढंच मी तपासलं. काय बोलते ते कानावर पडूनही आत गेलं नाही.

मामांना बोलावलं. ते आधी चिडलेच. ‘‘वीस वर्सं हीच दोरी हाय, सर. खुंटीला अडकवायची आन् फिरायचं. त्यात चुकायचं काय?’’ दोरी आणून समोर टाकली. एका टोकाला जुनी, काळी पडलेली गाठ होती. दुसरं टोक ताजं कापलेलं, पांढरं, सुंभ पिंजारलेलं. मामा त्या टोकाकडे बघत राहिले. मग टोपी काढून डोकं खाजवत म्हणाले, ‘‘आयला, शेळी.’’

मंडपाच्या गर्दीत त्यांची शेळी बुजत होती. घरातल्या कुणीतरी हाताला लागली ती दोरी कापून तिला बांधली होती.

सगळ्यात अवघड गेलं ते भरतीच्या पोरांना सांगणं. त्या सकाळी सोळाशे मीटरला प्रत्येकाची वेळ पंधरा-पंधरा सेकंदांनी उतरली होती, एक जण तर घरी फोन करून मोकळा झाला होता. चार फेऱ्यांत पाऊणशे मीटर कमी पळालात म्हटल्यावर त्यांचे चेहरे बघवेनात. फोन केलेला पोरगा म्हणाला, ‘‘सर, ट्रॅक असाच ठेवायचा का?’’

मुलीला मी दोन दिवस पूर्ण विश्रांती दिली. वहीतला तो रकाना खोडला नाही. आकड्यांपुढे कंसात ‘३८१’ लिहिलं. भरलेल्या अठरा फेऱ्या वाया गेल्या नव्हत्या, पहिल्या बारा तर अगदी नेमक्या झाल्या होत्या. तिची घडी बिघडली नव्हती, माझीच बिघडली होती.

संध्याकाळी मामा शेळीची दोरी सोडवून घेऊन आले, मूळ दोरीला जोडली आणि आमच्यादेखत पुन्हा वळण आखायला घेतलं. मी टेप धरून मागे. गाठीत वीतभर दोरी गेली होती. म्हटलं, ‘‘मामा, अजून फेरीला दीड मीटर कमी पडतंय, उद्या नवी दोरी आणू.’’

मुलगी सायकल हातात धरून कडेला उभी होती. म्हणाली, ‘‘दीड मीटर म्हणजे माझं एक पाऊल, सर. उद्यापर्यंत मी ते मोजून घेईन.’’