कोयरीचं टेबल: फुटक्या टाइल, खाकी कागद आणि मैद्याची खळ

एप्रिल, दुसरा रविवार

पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात सकाळी आठलाच पोहोचले. हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. ऊन चढायच्या आत गेलं की लाकूड नीट निरखता येतं. दोन फूट बाय दोन फुटांचं एक चौकोनी टेबल दिसलं. सनमायका एका कोपऱ्यात सुटलेला आणि खालचं प्लाय पाणी पिऊन फुगलेलं. विकणारे काका म्हणाले, "सागवान आहे ताई, बाराशे द्या." मी टेबल उलटं केलं. पायांच्या तळाला, जिथे पॉलिश पोहोचत नाही तिथे, नखाने खरवडलं. आतून सोनेरी तपकिरी लाकूड निघालं आणि सागाचा तो तेलकट, चामड्यासारखा वास आला. किडीची भोकं नव्हती, खाली पिठासारखा भुसा नव्हता. फक्त एक सांधा हलत होता. सातशेला ठरलं, रिक्षाचे एकशेवीस झाले.

जुनं टेबल घेताना बहुतेक लोक वरचा भाग बघतात. वरचा भाग शंभर प्रकारांनी बदलता येतो. बघायचे ते पाय आणि सांधे.

एकूण खर्च तीन हजारांच्या आत ठेवायचा आहे, आणि वरती फुटक्या टाइलचं मोझॅक करायचं आहे.

आपल्याकडे मोझॅक म्हटलं की निम्म्या लोकांना जुन्या घरातली संगमरवरी खड्यांची, घासून गुळगुळीत केलेली फरशी आठवते. मला म्हणायचंय ते चायना मोझॅक, गच्चीवरचं. आजोळच्या गच्चीवर पांढऱ्या चकचकीत तुकड्यांचा थर होता. पांढरा रंग ऊन परतवतो आणि तुकड्यांवरच्या काचेसारख्या थरामुळे पाणी मुरत नाही, म्हणून तो गच्चीवर घालतात. आम्हा मुलांना मात्र त्या पांढऱ्यात चुकून आलेला एखादा निळा तुकडा शोधायचा असायचा. या टेबलाची कल्पना तिथूनच आली आहे.

एप्रिल, तिसरा आठवडा

फुगलेलं प्लाय काढून टाकलं. ते वाचवायचा मोह धरू नका. एकदा फुगलेलं प्लाय वाळलं तरी त्याचे थर सुटलेलेच राहतात. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये १९ मि.मी. जाडीचा, आयएस ७१० शिक्क्याचा, म्हणजे पाणी सोसणाऱ्या मरीन प्लायचा, एक उरलेला तुकडा तीनशेला मिळाला. फॉल्स सीलिंगचं काम करणाऱ्या एका कारागिराकडून ६ मि.मी. सिमेंट बोर्डाचा तुकडा ऐंशी रुपयांत आला.

प्लायवर थेट टाइल का नाही, हे मला ओळखीच्या सुतारकाकांनी समजावलं. पावसाळ्यात लाकूड हवेतली ओल घेऊन फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. भरीव लाकडापेक्षा प्लाय कमी हलतं, पण हलतं. टाइल जागची हलत नाही. मग ताण सगळा मधल्या थरावर येतो आणि वर्षा-दोन वर्षांत तुकडे सुटायला लागतात. मध्ये सिमेंट बोर्ड असला की टाइलला तिच्याच जातीचा पाया मिळतो. बोर्ड प्लायवर स्क्रूने बसवला, दर सहा इंचांवर एक स्क्रू, चाळीस रुपयांचे. प्लायची खालची बाजू आणि कडाही सील केल्या. एकाच बाजूला ओल शिरली तर प्लाय वाकतं.

हलणारा सांधा सोडवून, जुना सरस खरवडून, फेव्हिकॉल लावून दोरीच्या पिळाने आवळून ठेवला. दुसऱ्या दिवशी गुण्या लावून पाहिला, चारही पाय काटकोनात.

मे, पहिला रविवार

टाइल गोळा झाल्या. शेजारच्या इमारतीत बाथरूमचं काम चालू होतं. तिथल्या मिस्त्रींनी पांढऱ्या टाइलचे तुकडे आणि चार किलो उरलेलं टाइल ॲडहेसिव्ह, म्हणजे टाइल चिकटवायचं सिमेंटचं मिश्रण, दिलं. ते ॲडहेसिव्ह आधी चाळून बघितलं. गाठी असत्या तर घेतलं नसतं, कारण गाठी म्हणजे सिमेंटला ओल आधीच लागून गेली. "पांढऱ्या फेव्हिकॉलनेच चिकटवू का?" असं मी त्यांना विचारलं होतं. मिस्त्री म्हणाले, "नका ताई. वरून टाइलचा थर, खाली बोर्ड, तो वाळणार कुठून? आणि फटी भरताना ग्राउटचं पाणी लागलं की परत मऊ पडेल."

रंगीत टाइल दुकानातून घेतल्या. खोके संपत आले की दोन-तीन टाइल उरतात आणि त्या कुणालाच नको असतात. एक मोरपंखी, एक गडद हिरवी, एक हळदी पिवळी, तीसला एक. निवडताना मागच्या बाजूला पाण्याचा थेंब टाकून बघा. लगेच शोषला गेला तर ती भिंतीची सिरॅमिक टाइल, निप्परने, म्हणजे टाइल तोडायच्या पक्कडीने, बिस्किटासारखी तुटते. थेंब तसाच बसून राहिला तर व्हिट्रिफाइड, म्हणजे घट्ट भाजलेली टाइल, तिला हाताने आकार द्यायला फार जोर लागतो आणि ती कुठेही फुटते.

शिवाय आईने जपून ठेवलेली एक फुटकी बशी आहे, निळ्या किनारीची. ती मला या टेबलात हवीच आहे.

चाकांचा निप्पर साडेचारशेला घेतला. टेबलानंतरचा सगळ्यात मोठा एकरकमी खर्च हाच, पण साध्या पक्कडीने वळणदार तुकडा निघत नाही. मोठे तुकडे करताना टाइल गोणपाटात गुंडाळून हातोडीने हलकेच फोडते. डोळ्यांवर चष्मा कायम. ग्राइंडरने कोरडं कापायचं मात्र मनातही आणू नका. ती धूळ फुप्फुसात बसते.

मे, मधले दिवस

इथे काम अडलं आणि इथेच सगळ्यात जास्त शिकले, म्हणून सविस्तर लिहिते.

तुकडे मांडून बघितले तर पांढरी टाइल ६ मि.मी., मोरपंखी ७, हिरवी जवळजवळ ९, आणि बशी तर साडेचारच. नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे तोंड वर करून एकेक तुकडा चिकटवत गेलं, तर टेबल टेकड्या-दऱ्यांचं होणार. मागच्या वर्षी अहमदाबादला वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशींचं 'संगाथ', म्हणजे त्यांचा स्टुडिओ, पाहिलं. त्याच्या कमानदार छतांवर असंच फुटक्या तुकड्यांचं पांढरं आवरण आहे. त्यांनीच घडवलेल्या 'अमदावाद नी गुफा' या कलादालनाच्या घुमटांवरही तेच. बार्सिलोनातल्या पार्क ग्वेलमधला नागमोडी बाकही तसाच. फुटका तुकडा गोलाईवर बसतो, वळतो, उंचसखल झाला तरी ऊन त्यावर छान खेळतं. पण टेबलावर चहाचा कप ठेवायचा असतो. कागद ठेवून लिहायचं असतं. टेबलाला सपाटी हवी, नाहीतर ते नुसतं बघायचं टेबल होतं.

यावरचा जुना उपाय म्हणजे उलटं मोझॅक. कागदावर नक्षी काढायची, तुकडे तोंड खाली करून त्यावर खळीने चिकटवायचे, सगळा कागद उलटा करून ॲडहेसिव्हच्या थरात बसवायचा आणि मग कागद भिजवून सोलायचा. सगळी तोंडं कागदाच्या एकाच पातळीत असल्यामुळे जाडीतला फरक खालच्या थरात लपतो.

खळ: दोन चमचे मैदा, एक वाटी पाणी, गाठी मोडून मंद आचेवर ढवळत राहायचं, पांढुरकेपणा जाऊन पारदर्शक झाली की उतरवायची. पुस्तकबांधणीच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. इथे गरज नाही. कागद थोड्याच दिवसांत निघून जाणार आहे, आणि मोरचूद विषारी असतं.

पहिला प्रयत्न फसला. घरात वह्यांना कव्हर घालायचा खाकी कागद होता, त्यावर छोटा नमुना केला. तो प्लास्टिकचा थर दिलेला कागद होता, हे भिजवल्यावर कळलं. पाणी आत जाईना. ओढून काढला तर सात-आठ तुकडे कागदाबरोबर उपटून आले. मग साधा, चकाकी नसलेला खाकी कागद वीस रुपयांचा आणला. ओल्या बोटाने दाबला की डाग मागच्या बाजूला उमटतो, तो कागद योग्य.

दुसरी गोष्ट आरशासारख्या उलट्या प्रतिमेची. मला मधोमध मोठी कोयरी हवी होती, शेंडा उजवीकडे झुकलेला. म्हणून बटर पेपरवर काढून, पालथी घालून गिरवली. अक्षरं घालणार असाल तर हे दहा वेळा तपासा.

बशीचा फक्त मधला सपाट भाग वापरता आला. कडेचा गोलाकार भाग कागदाला टेकत नाही. बुडाची उंच कड निप्परने कणाकणाने खुडावी लागली. निळी रेघ कडेच्या गोलाकार उतारावर होती, तिचे चारच तुकडे सपाट मिळाले. चारही कोयरीच्या पोटात घेतले.

मांडणी पूर्ण व्हायला अकरा संध्याकाळी लागल्या. दोन तुकड्यांमध्ये २ ते ४ मि.मी. फट ठेवली.

मे, शेवटचा शनिवार

बसवण्याचा दिवस. नुसत्या टाइलचंच वजन पाच किलोंच्या वर, त्यामुळे अख्खा कागद उलटवणं एकट्याच्या हातचं नाही. फटींच्या रेषेवरूनच कागद कापून चार भाग केले, मागे क्रमांक घातले. एका भागावर दुसरी फळी ठेवून दोन फळ्यांमध्ये धरून उलटवायचा. शेजारच्या काकू मदतीला आल्या.

बोर्ड ओल्या फडक्याने पुसला, ॲडहेसिव्ह दातेरी पट्टीने ओढलं. पातळ तुकड्यांच्या, मुख्यतः बशीच्या, पाठीला आधी वेगळा थर दिला, म्हणजे तिथे पोकळी राहत नाही. बसवल्यावर फळी ठेवून रबरी हातोडीने ठोकलं, पाणसळ दोन्ही दिशांनी लावली. साधारण तासाभराने कागदावर ओला स्पंज फिरवला, दहा मिनिटं थांबून कोपऱ्यातून, टेबलाला जवळजवळ समांतर ओढत सोलला. वर ओढाल तर तुकडा उचलला जाईल.

कागद निघाला आणि पहिल्यांदा तोंडं दिसली. इतके दिवस मी फक्त पाठी बघत होते. कोयरी अगदी मनात होती तशी.

काही फटींतून ॲडहेसिव्ह वर आलं होतं, ते ओलं असतानाच दाभणाने कोरून काढलं. दुसऱ्या दिवसावर टाकलं असतं तर छिन्नी लागली असती.

जून, पहिला आठवडा

ग्राउट राखाडी घेतलं, नव्वद रुपयांना किलो. पांढरं सुंदर दिसतं, पण हळदीचा डाग सिमेंटच्या ग्राउटमध्ये मुरतो. श्रीखंडाइतकं घट्ट कालवलं. रबरी थापी घेण्याऐवजी जुन्या चपलेच्या तळाचा सरळ कापलेला तुकडा वापरला, छान चालतो. फटींना तिरकं ओढायचं, नाहीतर भरलेलं परत बाहेर येतं. वीस मिनिटांनी घट्ट पिळलेल्या स्पंजने पुसलं. स्पंज ओला गच्च असेल तर ग्राउट पातळ होऊन रंग फिका पडतो. तीन दिवस ओलं फडकं झाकून ठेवलं. वर राहिलेला पांढुरका थर कोरड्या सुती कापडाने निघाला. लिंबू किंवा व्हिनेगर लावू नका, आम्ल सिमेंट खातं.

कडेची सागवानी पट्टी सुतारकाकांनी ४५ अंशांत कापून दिली, साडेतीनशे. उंची दीड इंच: प्लाय १९, बोर्ड ६ आणि थर धरून टाइल साधारण १२, मिळून ३७ मि.मी. पट्टी आणि टाइल यांच्यामध्ये दोन मि.मी. जागा सोडून तिथे ग्राउट न भरता सिलिकॉन भरलं. पावसात पट्टी फुगेल तेव्हा सिलिकॉन दबेल. ग्राउट असतं तर चिरलं असतं. नळी एकशेऐंशीची, गन मिस्त्रींची.

जून, शेवटचा आठवडा

पाय ८०, १२० आणि २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासले, कागद एकशेऐंशीचे. लाखेचा दाणा शंभर ग्रॅम अर्धा लिटर स्पिरिटमध्ये रात्रभर विरघळवून, गाळून, मलमलीच्या बोळ्याने हात दिले. लाख आणि स्पिरिट मिळून दोनशेसत्तर. चौथा हात भर पावसाच्या दुपारी दिला, ती घाई झाली. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतली ओल बसते आणि पॉलिश दुधाळ होतं. दोन पाय तसे झाले. चार दिवसांनी उघडीप मिळाली तेव्हा बोळ्यावर नुसतं स्पिरिट घेऊन अलगद फिरवलं, दुधाळपणा गेला. लाखेचं हे मला फार आवडतं, ती दुरुस्त करू देते.

एकूण खर्च दोन हजार आठशेसत्तर. निप्पर पुढच्या कामालाही आहे, तो वजा केला तर दोन हजार चारशेवीस.

जुलै

काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला टेबलावर चोवीस ठिकाणी ठेवून बघितला. तेवीस ठिकाणी स्थिर. हिरव्या तुकड्यांच्या एका ओळीपाशी किंचित डुगडुगतो. तिथे कागदाला घडी पडली होती, हे मला बसवतानाच दिसायला हवं होतं.

मग प्रत्येक तुकड्यावर नाण्याने टिचकी मारली. कोयरीच्या देठाजवळचा एक तुकडा पोकळ वाजतो, म्हणजे खाली ॲडहेसिव्ह पोहोचलेलं नाही. आत्ता तो घट्ट आहे. त्याच मापाचा दुसरा तुकडा कापून डबीत ठेवला आहे, मूठभर ग्राउट हवाबंद बरणीत. पाऊस ओसरला की भोवतीचं ग्राउट दाभणाने मोकळं करून तो बदलेन.